अख्ख्या जगाला धाकात ठेवणारं निनवे पडणार, हे सांगणारा नहूम कोण होता?

जुन्नरहून नाणेघाटात गेलात तर तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख दिसतो. घराण्यानं कुठले यज्ञ केले, किती गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण दान दिले, याची भलीमोठी यादी भिंतीवर कोरलीय. दिग्विजयाच्या बढाया आपल्याकडच्या राजांनीही मारल्यात, पण इथं मिरवलंय ते दान.

आता याच्याही काही शतकं आधीच्या असिरियात चला. म्हणजे आजचा उत्तर इराक. तिथल्या राजांनीही महालाच्या भिंती कोरून घेतल्या, पण त्यावर काय? तर वेढा पडलेली शहरं, सुळावर चढवलेले कैदी, मुंडकी मोजत बसलेले कारकून. एका शिल्पात राजा अशुरबनिपाल बागेत राणीसोबत मेजवानी करतोय आणि शेजारच्या झाडाला एलामच्या राजाचं मुंडकं लटकवलंय. हे लपवून ठेवायचं नव्हतं. भेटीला येणाऱ्यानं बघावं आणि निमूट खंडणी भरावी, हाच त्यामागचा हिशोब.

या साम्राज्याच्या टाचेखाली यहूदा नावाचं छोटं राज्य होतं. राजधानी यरुशलेम. त्यांच्या उत्तरेचं भाऊबंदांचं राज्य, इस्राएल, असिरियानं इ. स. पूर्व 722 च्या सुमारास संपवलं आणि लोकांना उचलून दूर नेऊन वसवलं. मग इ. स. पूर्व 701 मध्ये राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की आपण तटबंदीची 46 गावं घेतली आणि राजा हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. यरुशलेम वाचलं, पण खंडणी भरावीच लागली.

पुढं काही दशकांनी नहूम आला. हिब्रू बायबलमध्ये त्याच्या नावावर अवघी तीन अध्यायांची पोथी आहे. नहूम या नावाच्या मुळाशी सांत्वन असा अर्थ आहे. त्याच्या गावाचं नाव एल्कोश, यापलीकडं त्याच्याविषयी फारसं काही हाती लागत नाही. पण काळाचा अंदाज बांधता येतो. असिरियानं इजिप्तचं थीब्ज शहर इ. स. पूर्व 663 मध्ये लुटलं, ती गोष्ट तो घडून गेलेली म्हणून सांगतो. निनवे पडलं इ. स. पूर्व 612 मध्ये. बहुतेक अभ्यासक त्याला या दोन सालांच्या मध्ये बसवतात.

आता तो म्हणतो काय? देव रागाला मंद आहे, पण दोषी माणसाला तो मोकळं सोडत नाही. मग तो थेट निनवेकडं वळतो. रक्तानं आणि लुटीनं भरलेलं शहर, चाबकांचे आवाज, उधळणारे रथ, अडखळायला होईल इतकी प्रेतं. असिरियाच्या राजांना सिंह फार प्रिय. नहूम तोच सिंह उचलतो आणि विचारतो, आता कुठाय ती गुहा? निनवे नुसती छावणी नव्हती, मोठी पेठ होती. त्यावरही त्याचं बोट आहे. व्यापारी आकाशातल्या ताऱ्यांहून जास्त, पण वेळ येताच टोळासारखे उडून जातील, असं तो बजावतो.

आणि झालं तसंच. बाबेल आणि मेदी लोकांनी मिळून निनवे पाडलं. तिथल्या हल्झी वेशीत उत्खनन करणाऱ्यांना त्या अखेरच्या लढाईत मेलेल्यांचे सांगाडे जागच्या जागी सापडले. इ. स. पूर्व 401 मध्ये ग्रीक लेखक झेनोफन सैन्यासोबत तिथून गेला, तेव्हा त्याला दिसले ते फक्त ओसाड तट. निनवे हे नावसुद्धा त्याच्या लिखाणात येत नाही.

बायबलबाहेर या साम्राज्याचा पुरावा बघायला इराकला जायची गरज नाही. 1840 च्या दशकात लेयार्ड नावाच्या इंग्रजानं असिरियन महाल खणायला घेतले. शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबई बंदरात यायच्या आणि तिथून विलायतेला जायच्या. त्या काळात काही शिल्पं मुंबईतच राहिली. निमरूदच्या महालातले ते दगडी पट आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

नहूम वाचताना खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. निनवेला तो एका बाईच्या रूपात उभं करतो आणि तिची जाहीर विटंबना रंगवतो. आमोस किंवा यशयासारखे संदेष्टे आपल्याच माणसांची पापंही काढतात. नहूम त्या वाटेला जात नाही. म्हणून काहींना ही सूडाची पोथी वाटते. आम्हाला विचाराल तर ती ज्याच्या गळ्यावर पाय आहे त्याची बाजू आहे, आणि तशीच वाचावी.

गंमत म्हणजे याच बायबलात योनाचीही गोष्ट आहे. तिथं हेच निनवे पस्तावतं, देव त्याला माफ करतो आणि संदेष्टाच रुसून बसतो. दोन्ही पोथ्या प्रश्नावर संपतात. योनाच्या शेवटी देव विचारतो, एवढ्या मोठ्या शहराची मी दया करू नये का? नहूमच्या शेवटी निनवेलाच सवाल आहे, तुझ्या क्रौर्यातून सुटलं तरी कोण?

आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले शनिवार तेली, आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात. असिरियानं पांगवलेल्या लोकांशी त्यांचं नातं जोडणारेही आहेत. ते सिद्ध झालेलं नाही, पण एवढ्या शतकांनंतरही त्या हद्दपारीची आठवण निघते.

यहूदाला मात्र निनवे पडल्याचा आनंद फार काळ पुरला नाही. ज्या बाबेलनं निनवे पाडलं, त्याच बाबेलनं इ. स. पूर्व 586 च्या सुमारास यरुशलेम जाळलं. त्याच काळातला संदेष्टा हबक्कूक मग देवालाच जाब विचारतो, दुष्टाला शिक्षा करायला तू त्याच्याहून दुष्ट माणूस कसा काय पाठवतोस?