आजीचे पान आणि तेलातले कण

दिवाळीच्या सुट्टीत मी चेन्नईला घरी गेलो. तिथे मराठी पुस्तके सहज मिळत नाहीत, म्हणून बाबांनी आजीसाठी ई-रीडर आणला होता. पण आजीने तो कपाटात ठेवून दिला होता. "अरे, पान उलटताना मध्येच काळं होतं. माझ्या हातून बिघडलं वाटतं!"

असे का होते, ते मी शोधले.

या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक तेलात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे आणि कार्बनचे काळे कण असतात. दोन्हींवर विरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो. एमआयटीच्या संशोधकांनी अशी शाई १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली.

खरी कसोटी तेलाची. तेलात कणांवर भार सहज येत नाही, म्हणून साबणासारखे रसायन मिसळतात. विरुद्ध भाराचे कण एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून त्यांच्यावर पॉलिमरचे आवरण देतात.

परेडमध्ये पुढचा हुकूम येईपर्यंत आपण हलत नाही, तसेच हे कण. पान टिकवायला वीज लागत नाही. मात्र काही कण मागे रेंगाळतात आणि आधीच्या पानाची पुसट छाया उरते. ती घालवायला पडदा क्षणभर काळा-पांढरा होतो.

"आजी, बिघडलं नाही. रांग पुन्हा सरळ होते आहे."

दुसऱ्या दिवशी मरीनावर भर उन्हात माझ्या मोबाइलवर काही दिसेना. आजी मात्र निवांत वाचत होती.