रक्तातला विळा आणि प्रॅक्टिकलची वही

दिवाळीची सुट्टी संपली की अकरावी-बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या मुलांच्या घरी एकच घाई सुरू होते, ती म्हणजे असाइनमेंट पूर्ण करण्याची. जीवशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्यांची तर विचारायलाच नको. हृदयाचा उभा छेद, मूत्रपिंडाची आकृती, जिवाणूंचे आकार, ग्रॅम स्टेनिंगची कृती. एकाची वही पूर्ण झाली की ती चौघांकडे फिरते आणि चौघांनाही सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तेवढेच आणि तसेच जिवाणू दिसलेले असतात! सही होते, गुण मिळतात आणि वही माळ्यावर जाते.

यात सगळा दोष मुलांचाच आहे असे नाही. जो प्रश्न कुठल्याही गावात, कुठल्याही वर्षी सारखाच विचारला जातो, त्याचे उत्तर उतरवूनच काढले जाणार. प्रश्न आपल्या मातीतला असेल तर मात्र मूल थोडे थबकते. आणि नागपूरच्या शिक्षकाला असा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. तो बारावीच्या पुस्तकातच आहे. त्याचे नाव सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल, मधे दबलेल्या आणि लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी झाला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही बिचारी दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून रक्तही कायम कमी. या पेशींचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण कोण होता? ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर नोएल, म्हणजे एक विद्यार्थीच!

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला, आणि १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला व सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या आपल्या पट्ट्यात तो आदिवासींमध्ये आहे, अनुसूचित जातींमध्ये आहे आणि इतर समाजांतही आहे. तेव्हा नागपूरच्या एखाद्या वर्गात चाळीस-पन्नास मुले बसली असतील, तर त्यांतल्या कुणाच्या तरी रक्तात हा विळा असण्याची शक्यता चांगलीच आहे. धडा शिकवताना शिक्षकाने हे विसरून चालत नाही.

आता असाइनमेंट काय द्यावी? माझ्या मते पहिली दोन नाण्यांची. आई-वडील दोघेही वाहक आहेत असे धरायचे. वाहक म्हणजे ज्याच्याकडे एक जनुक चांगले आणि एक सदोष आहे, ज्याला आपल्याकडे 'एएस' म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे, तो सहसा धडधाकट असतो. रुग्ण 'एसएस', त्याच्याकडे दोन्ही जनुके सदोष. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. छाप म्हणजे चांगले जनुक, काटा म्हणजे सदोष. दोन्ही नाणी एकदम उडवायची. दोन्ही काटे पडले तर मूल रुग्ण. प्रत्येक विद्यार्थ्याने चार वेळा उडवून चार मुलांचे एक कुटुंब तयार करायचे.

पुस्तकात चार घरांचा चौकोन असतो आणि त्यातले एक घर रंगवलेले असते. तो पाहून बहुतेकांची समजूत होते की चार मुलांपैकी एक आजारी निघणार, तीन सुटणार. घरोघरीही हेच ऐकू येते, 'पहिले आजारी झाले ना, आता पुढची काळजी नाही.' नाणी हा भ्रम मोडतात. चाळीस जणांच्या वर्गात साधारण बारा-तेरा कुटुंबांत एकही मूल आजारी निघत नाही, सतराच्या आसपास कुटुंबांत एक निघते आणि दहा-अकरा कुटुंबांत दोन किंवा अधिक. नाण्याला मागचे काही आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणी धोका तोच, २५ टक्के. गणित म्हणून हे सोपे आहे. पण लग्न ठरवताना आणि दुसऱ्या मुलाचा विचार करताना हेच गणित चुकते, आणि मग एका घरात दोन-दोन लेकरे इस्पितळाच्या फेऱ्या मारतात. तशीच दुसरी चुकीची समजूत, वाहकाने लग्नच करू नये अशी. वाहक आणि निरोगी यांच्या लग्नातून एकही मूल रुग्ण निघत नाही. एक नाणे दोन्हीकडून छापाचे घेतले की हे मुलांना आपोआप कळते. दोघेही वाहक असले तरी गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना वाटेल, यात आमचे काय? उलट त्यांचा वाटा मोठा आहे. इतका घातक जनुक पिढ्यान् पिढ्या टिकला कसा, हाच मुळात त्यांचा प्रश्न. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकांना फॅल्सिपेरम मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्टी, डास आणि हा जनुक यांचे नाते तिथले आहे. गडचिरोलीचा नकाशा समोर ठेवून हा भाग शिकवावा, मुले डुलक्या घेणार नाहीत. पुढचा प्रश्न, रुग्ण मुलांना काही जंतूंचा धोका जास्त का? कारण त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि रक्तातले जंतू गाळणारी चाळणीच जाते. म्हणून न्यूमोकॉकस त्यांच्या जिवावर उठतो आणि लहान मुलांना पेनिसिलिन व लस देतात. साल्मोनेला आपल्याला टायफॉइडमुळे ठाऊक आहे, पण या मुलांच्या तो हाडांतही शिरतो. आणि पार्व्होव्हायरस बी-१९, जो इतरांना किरकोळ ताप-पुरळ देऊन जातो, तो इथे रक्तनिर्मितीच काही दिवस थांबवतो.

प्रयोगाचे म्हणाल तर विद्राव्यता चाचणी सोपी आहे. सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात थेंबभर रक्त टाकायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण रक्त वाहकाचे की रुग्णाचे, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तान्ह्या बाळात तर ती फसवतेही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते.

आणि इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. हा प्रयोग वर्गातल्या मुलांच्या रक्तावर करू नये. रक्तगट काढण्याचा प्रयोग सगळीकडे होतो आणि 'माझा ओ पॉझिटिव्ह' असे मुले ओरडून सांगतात. त्याचे काही बिघडत नाही. पण एखाद्या मुलीची नळी मैत्रिणींसमोर गढूळ झाली, तर ती बातमी तिच्या आधी घरी आणि मोहल्ल्यात पोहोचते. वाहक आणि रुग्ण यातला फरक तिथे कोण समजावणार? लग्नाच्या बाजारात त्याची किंमत मुलीच मोजतात. कुटुंबाची वंशावळ काढून आणा, हा गृहपाठही मला त्याच कारणाने पसंत नाही. कुणाच्या घरी दत्तक मूल असते, कुणाचा भाऊ याच आजाराने गेलेला असतो. वंशावळ काल्पनिक कुटुंबाची द्यावी, प्रयोगासाठी रक्तपेढीकडून रीतसर मिळालेला, नाव नसलेला नमुना वापरावा किंवा तयार स्लाइड दाखवावी.

ज्या मुलांना स्वतःची तपासणी करायची इच्छा होईल, त्यांना रस्ता मोकळा आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. सरकारी आरोग्य केंद्रात आई-वडिलांसह जाऊन ही चाचणी करून घेता येते. आणि वर्गात एखादा मुलगा मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात सारखा पाण्याची बाटली तोंडाला लावत असेल, तर शिक्षकांनी त्याला तास चालू असताना अडवू नये. अंगातले पाणी कमी झाले की या पेशी लवकर वाकतात.