शस्त्र खाली ठेवल्यानंतर

रामदासपेठेत आमची कचेरी आहे. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर एकाच बातमीची चर्चा होती. आदल्या दिवशी गडचिरोलीत नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती ६० साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शरण आला होता. एक सहकारी आम्हाला म्हणाले, "माणसे मारणाऱ्यांचा सत्कार? यातला एखादा उद्या तुमच्या शेजारी राहायला आला तर चालेल काय?" आम्ही गप्प राहिलो.

त्यांचा राग खोटा नव्हता. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक ठार झाले. त्यांच्या घरच्यांना असे समारंभ पाहून काय वाटत असेल? शासनाने त्यांच्याशीही बोलले पाहिजे.

शरण येणाऱ्यांना रोख मदत व पुनर्वसन देणारी राज्याची योजना २००५ पासून आहे. ती गावोगावी पोहोचविण्यासाठी पोलीस जनजागरण मेळावे घेतात. 'पोलीस दादालोरा खिडकी' या उपक्रमातून दुर्गम भागात दाखले व शासकीय योजनांचा लाभ मिळवून दिला जातो. यालाच आम्ही खरा जनसंपर्क म्हणतो. भाषण लोक विसरतात. वेळेवर हाती पडलेला दाखला विसरत नाहीत, हे आम्हा कारकुनांना चांगले ठाऊक आहे. शरण आलेल्या काहींना कोनसरीच्या लोहप्रकल्पात नोकरी मिळाली. त्यांचा पगार सुरू झाल्याची वार्ता जंगलात राहिलेल्यांना शंभर पत्रकांपेक्षा अधिक पटेल.

मात्र प्रसिद्धीला मर्यादा हवी. खबऱ्या ठरवून शरणागतांना ठार मारल्याच्या घटना घडल्या आहेत. मोठ्या नेत्याचे नाव छापले तर हरकत नाही; साध्या मुलामुलींचे चेहरे व गाव कशाला छापावे?

अंगुलिमालाची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्याला पकडायला निघालेल्या राजा प्रसेनजिताशी भगवान बुद्ध आधी बोलले, मग भिक्षू झालेला अंगुलिमाल त्याला दाखविला. राजाने अभय दिले. तरीही श्रावस्तीत भिक्षेला गेलेला अंगुलिमाल दगडांच्या माराने रक्तबंबाळ होऊन परतला. राजाचे अभय एका दिवसात मिळाले; लोकांचे मिळायला वेळ लागला.

आडनाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. जन्मावरून नाकारणे आणि कृत्यावरून नाकारणे एक नव्हे, हे मान्य. परंतु बंद दारासमोर उभे राहणे कसे असते ते आपण जाणतो. ज्याला कोठेच दार उघडत नाही, तो परत जंगलाकडे पाहणार नाही काय?

घरी विचारविनिमय करून आम्ही त्या सहकाऱ्यांना उत्तर दिले : "येऊ द्या शेजारी. पण त्याच्या पुनर्वसनाची चौकशी करू, तशी त्या जवानांच्या आयांचीही करू."