भरलेली आणि रिकामी : आंबेनळीच्या परिसरातील घरगुती बंदुकीची साठवण व सज्जता

१

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटाचे नाव आंबेनळी. या नावातील ‘नळी’ हा घटक सह्याद्रीतील वाटांच्या नावांत वारंवार आढळतो. हरिश्चंद्रगडाची ‘नळीची वाट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून, लिंगाण्याजवळील ‘बोराट्याची नाळ’ हे नावही त्याच कुळातील आहे. डोंगरातील अरुंद, उभी घळ असा येथे या शब्दाचा अर्थ. बंदुकीच्या संदर्भात हाच शब्द ‘एकनळी’, ‘दुनळी’ अशा रूपांत येतो. घाटाखालच्या वाड्यांत या दोन्ही अर्थांचा व्यवहारात संबंध येतो, कारण रानाला लागून असलेल्या शेतीस रानडुकरांचा उपद्रव असतो आणि पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची रीत कोकणात जुनी आहे.

अशा घरापुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो. बंदूक मुलांच्या, पाहुण्यांच्या वा चोराच्या हाती लागता कामा नये. म्हणून ती बंदिस्त हवी. परंतु प्रसंग आला तर ती वेळेवर हाती यावयास हवी. म्हणून ती जवळ हवी. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरून पुष्कळ घरांत भरलेली बंदूक खुंटीवर टांगण्याचा किंवा बिछान्याशेजारी उभी करण्याचा मार्ग पत्करला जातो. ही पद्धत सुरक्षिततेच्या दृष्टीने घातक तर आहेच. पण ज्या सज्जतेसाठी तिचा अवलंब होतो ती सज्जताही तिने साधत नाही. हे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम या विषयाच्या शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

२

‘बार’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ओझे, भार असा आहे. मराठीत बंदुकीत घातलेल्या मालासही बार म्हणतात (‘बार भरणे’) आणि तो उडण्याच्या क्रियेसही बार म्हणतात (‘बार काढणे’, ‘फुसका बार’). साठवण आणि स्फोट या दोन अवस्थांना भाषेने एकच नाव दिले आहे. भरलेल्या बंदुकीत या दोन अवस्थांमध्ये एका बोटाच्या हालचालीपलीकडे अंतर नसते, हे ध्यानात घेता हा अर्थविस्तार बोलका वाटतो.

‘घोडा’ या शब्दाची गोष्ट अधिक काळजी करण्याजोगी आहे. कारागिराच्या भाषेत घोडा म्हणजे टोपीवर आपटणारा वरचा भाग आणि चाप म्हणजे बोटाने ओढावयाचा खालचा भाग. सामान्य बोलण्यात मात्र ‘घोडा दाबला’ असे म्हणताना पुष्कळांच्या मनात चापच असतो. ‘घोडा उतरव’ या सूचनेचा अर्थ ऐकणाऱ्याने चुकीचा घेतला, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. ज्या घरात बंदूक आहे तेथे या दोन शब्दांचे अर्थ सर्व प्रौढांनी एकदा निश्चित करून ठेवणे हा सुरक्षिततेचाच भाग होय.

तिसरी जोडी ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’ यांची. काडतुसाची बंदूक मोडून पाहिली की ती रिकामी आहे किंवा नाही हे डोळ्यांना दिसते. ठासणीच्या बंदुकीत तसे दिसत नाही. तिच्या बाबतीत ‘रिकामी’ हा शब्द बहुधा स्मरणावर अवलंबून असतो, आणि पुष्कळ अपघातांचे मूळ या स्मरणात आहे. यावर एक जुना व साधा उपाय आहे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करावी. नेहमीचा बार भरल्यावर गज जेथपर्यंत जातो तेथे दुसरी खूण करावी. पुढे केव्हाही गज घातला असता बंदूक भरलेली की रिकामी याचे उत्तर गजच देतो. गज घालताना टोपी लावलेली नाही याची खात्री प्रथम करावी आणि देहाचा कोणताही भाग नळीच्या तोंडासमोर येऊ देऊ नये.

३

ठासणीची बंदूक भरण्याचा क्रम असा : मोजलेली दारू नळीत ओतावयाची, तीवर चिंधीचा वा काथ्याचा बोळा ठासावयाचा, छरे घालावयाचे, पुन्हा बोळा ठासावयाचा आणि शेवटी घोड्याखालच्या टोचणीवर टोपी बसवावयाची. या क्रियेस वेळ लागतो. शिवाय एकदा भरलेला बार सहज काढता येत नाही, तो बहुधा उडवूनच टाकला जातो. बंदूक भरूनच ठेवण्याचा मोह येथून निर्माण होतो.

परंतु आंबेनळीच्या परिसरात या मोहाला हवामानच उत्तर देते. घाटमाथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पायथ्याच्या गावांतही पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. काळी दारू ही सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक यांचे मिश्रण होय. ती ओलावा धरते. ओलसर हवेत नळीत राहिलेला बार पेटेलच याची खात्री नसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो उशिराने पेटू शकतो. टोपी फुटली, आवाज झाला नाही, म्हणून बंदूक वळवून पाहणारा मनुष्य त्याच क्षणी बार उडाल्याने जखमी होऊ शकतो. बार न उडाल्यास नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे, हा नियम त्यासाठीच आहे. उडालेल्या दारूची राखही ओलावा शोषते आणि न धुतलेली नळी अल्पावधीत आतून गंजते. तात्पर्य, भरून टांगलेली बंदूक मुलाच्या हाती लागली तर उडण्याची भीती, आणि धन्याच्या हाती आली तर न उडण्याची.

४

हा विचार या प्रदेशाला नवा नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादीत तोफखाना, दारूखाना आणि शस्त्रे-चिलखतांचा जिरातखाना ही नावे वेगवेगळी आहेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या व रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणी दारूखान्याविषयी स्पष्ट सूचना आहेत. दारूखाना सदरेपासून व घरांपासून दूर असावा, त्याभोवती भिंत असावी, दारूची भांडी जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी, अखंड पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणी जवळ येऊ नये, असा त्यांचा आशय आहे. त्याचबरोबर आठ-पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याने स्वतः येऊन दारू उन्हात सुकवावी व पुन्हा मोहोर करून ठेवावी, असेही तेथे सांगितले आहे. पावसाळ्यापूर्वी तोफांस तेल-मेण देण्याची आणि त्यांचे काने मेणाने बुजविण्याची सूचनाही त्याच प्रकरणात आहे.

आंबेनळीच्या माथ्याशी असलेला प्रतापगड आणि महाडजवळचा रायगड यांसारख्या किल्ल्यांवर शत्रू केव्हा येईल याचा नेम नव्हता. तरीही दारू मोहोरबंद ठेवावयाची आणि ठरल्या दिवशी उघडून पाहावयाची, असा हा दंडक आहे. दारू व शस्त्र यांची फारकत ही सुरक्षितता. नियमित तपासणी ही सज्जता. दोन्हींची जबाबदारी एकाच नेमलेल्या माणसावर आहे, हा त्यातील तिसरा आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय.

५

हाच दंडक आजच्या घरास लागू करता येतो. बंदूक रिकामी करून, तेल देऊन, भिंतीस पक्क्या बसविलेल्या लोखंडी कपाटात कुलुपबंद ठेवावी. कापडी वा चामडी गवसणीत ती पावसाळाभर ठेवू नये, कारण गवसणी ओल धरून ठेवते. दारू, टोप्या वा काडतुसे निराळ्या कुलुपाच्या डब्यात, कोरड्या जागी आणि चुलीपासून दूर असावीत. किल्ली चौकटीवर किंवा उशाखाली ठेवली तर कुलूप नसल्यासारखेच. घरातील मुलांना ती जागा सर्वांच्या आधी कळते. ज्यास वेळेची चिंता आहे त्याने बटणांच्या यांत्रिक कुलुपाची छोटी पेटी वापरावी. तिचा क्रम बोटांना पाठ होतो, अंधारात उघडता येते, आणि वीज किंवा बॅटरी यांवर ती अवलंबून नसते.

वेळेचा हिशेबही डोळसपणे करावयास हवा. रात्री जाग येणे, आवाज कशाचा हे ओळखणे, घरातील माणसे कोठे आहेत हे पाहणे, शस्त्रापर्यंत जाणे, कुलूप उघडणे, बंदूक भरणे अशा या पायऱ्या आहेत. पाठ असलेले कुलूप उघडण्यास आणि मोडत्या बंदुकीत काडतूस घालण्यास काही सेकंद पुरतात. खरा वेळ ओळखण्यात जातो, आणि तो वाचविण्याचा प्रयत्न करू नये. अंगणात उभी असलेली आकृती चोराची आहे की उशिरा परतलेल्या मुलाची, हे ठरण्यापूर्वी हाती भरलेली बंदूक असणे हे संकट आहे. शेतीच्या राखणीत तर घाईचे कारणच उरत नाही. बंदूक रिकामी नेऊन शेतातल्या माळ्यावर भरावी आणि घराच्या उंबरठ्याआत ती रिकामीच यावी.

६

कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्राच्या सुरक्षित साठवणीची हमी परवानाधारकावर टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकास बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. बंदुकीचा परवाना हा वन्य प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे बंधन वेगळे आहे.

अनुभवाचा पुरावा परदेशातूनही मिळतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस वर्षांखालील मुलांच्या हातून अपघाताने झालेल्या किंवा त्यांनी स्वतःवर केलेल्या गोळीबाराच्या घटनांचा विचार करण्यात आला. बंदूक कुलुपात असणे, ती रिकामी असणे, दारूगोळा कुलुपात असणे आणि तो बंदुकीपासून वेगळा असणे या चार गोष्टींपैकी प्रत्येकीचा संबंध अशा घटनांच्या कमी धोक्याशी असल्याचे त्यात आढळले. निराशेच्या एका घटकेत आणि एका अपघाती हालचालीत कुलुपाने घातलेले थोडे अंतर जीव वाचविते, असा याचा अर्थ होतो.

‘रिकामी’ हा शब्द घरात कोणी उच्चारावा आणि केव्हा, याचा एक नियम असावा : गज घालून किंवा बंदूक मोडून, दुसऱ्या प्रौढाला दाखविल्यावरच तो उच्चारावा, तोवर प्रत्येक बंदूक भरलेली समजावी. आठ-पंधरा दिवसांच्या तपासणीत हा शब्द असा पडताळून घेतला, तर प्रसंगी बंदूक कोरडी व नेमक्या जागी मिळेल, आणि एरवी घरातले मूल कपाटापाशी खेळत असतानाही घरच्यांना धास्ती वाटणार नाही.