समुद्राकाठी घर, पण आषाढात पाहून

निवृत्तीनंतर समुद्राकाठच्या एखाद्या शांत गावी स्थायिक व्हावे, हे स्वप्न अनेकांप्रमाणे माझ्या वडिलांनीही उराशी बाळगले होते. माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे झाली आणि त्या स्वप्नाला गाव मिळाले. वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. १८७६ साली नगरपालिका स्थापन झाली. आंबा-काजूच्या बागा, फळ संशोधन केंद्र आणि बेताची वर्दळ. डिसेंबरात चार दिवस राहून बाबा परतले, ते डोंबिवलीची सदनिका विकण्याचा विचार घेऊनच. आई एवढेच म्हणाली, "घर घ्यायचं तर आधी आषाढात राहून बघू."

त्याप्रमाणे जुलैत दोघे आली. मासेमारी बंद असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, पर्यटक नाहीत, पाऊस अखंड. कपडे वाळेनात, खाऱ्या हवेने कड्या-बिजागऱ्या गंजलेल्या, वीज वारंवार जाई. तिसऱ्या रात्री बाबांच्या छातीत दुखू लागले. शेजारच्या काकांनी भर पावसात गाडी काढली. सुदैवाने ते पित्त निघाले. परंतु हृदयविकाराच्या मोठ्या उपचारांसाठी येथील रुग्णांना बऱ्याचदा गोव्यात बांबोळीस न्यावे लागते, हे डॉक्टरांकडून कळले तेव्हा आम्ही तिघेही गप्प झालो.

ग्राहकांना सल्ला देणाऱ्या मलाही त्या रात्रीने पुष्कळ शिकवले. घर विकत घेण्यापूर्वी एक पावसाळा धरून अकरा महिने भाड्याने राहावे. रुग्णालय, औषधाचे दुकान आणि रेल्वे स्थानक किती दूर आहे, ते रात्रीच्या वेळी जाऊन पाहावे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून 'स्वस्त बागायत' पाहून भुलू नये. किनाऱ्यालगतच्या बांधकामास सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, त्याची चौकशी करावी. मालकीहक्काचा किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. आणि नव्या गावी मन रमेपर्यंत जुने घर विकू नये. निवृत्तिवेतनाचे खाते दुसऱ्या शाखेत नेता येते, हयातीचा दाखलाही आता डिजिटल स्वरूपात देता येतो. त्यासाठी शहर धरून राहण्याचे कारण नाही.

बाबांनी स्वप्न सोडले नाही, जागा मात्र बदलली. लाटांसमोरच्या बंगलीऐवजी त्यांनी बाजारपेठेत, रुग्णालयापासून जवळ, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. डोंबिवलीच्या सदनिकेचे भाडे येते, त्यातून येथले भाडे भागते. समुद्र वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. संध्याकाळी दोघे चालत जातात. वाटेत शेजारचे काका भेटले की तेही बरोबर निघतात. त्या रात्री गाडी काढणारा शेजार लाभला, म्हणूनच आईने या गावाला होकार दिला.