रुआँचा खर्ज

पेटी शिकवून ज्याचा संसार चालतो, त्याने बोटीच्या सफरीवर जावे, हे आमच्या लष्करात कोणाला खरे वाटायचे नाही. पण लंडनच्या ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, भावोजींनी माझेही तिकीट काढले, आणि गेल्या जूनमध्ये एका सकाळी आमची बोट फ्रान्सच्या ल हाव्र बंदराला लागली. संध्याकाळी सहाच्या आत परतायचे होते. सहप्रवासी बहुतेक पॅरिसकडे धावले. एवढ्या वेळात पॅरिसची नुसती पाठ दिसायची, म्हणून आम्ही सेन नदीकाठचे रुआँ गाठले. बसने दीड तास.

रुआँ ही नॉर्मंडीची जुनी राजधानी. अरुंद गल्ल्या, लाकडी चौकटींची, पुढे झुकलेली घरे. मोठ्या कमानीवरचे घड्याळ तर पाहावे असेच. त्याचे यंत्र १३८९ सालचे आणि काटा एकच, तासाचा! मिनिटांची घाई त्या गावाला नव्हती. आम्हांला मात्र होती.

जुन्या बाजाराच्या चौकात १४३१ च्या ३० मे रोजी जोन ऑफ आर्कला जिवंत जाळले. तिचे वय तेव्हा अवघे एकोणीसच्या आसपास. तिथले देऊळ अगदी नवे, १९७९ चे. त्यातली रंगीत काच मात्र सोळाव्या शतकातली. महायुद्धाच्या तोंडावर ती जुन्या देवळातून उतरवून ठेवली होती, आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते देऊळ गेले. ताई तिथे बराच वेळ बसून राहिली. भावोजी फोटो काढत होते.

मग कॅथेड्रल. मोने या चित्रकाराने १८९२ पासून याच दर्शनी भिंतीची तिसेक चित्रे काढली. एकच भिंत, प्रहराप्रहराने वेगळी. आपल्याकडच्या गवयाला हे समजावून सांगावे लागत नाही. १५१ मीटर उंचीचा लोखंडी कळस दुरूनच दिसतो. जुलै २०२४ मध्ये दुरुस्ती चालू असताना त्याला आग लागली होती. सुदैवाने ती लवकर आटोक्यात आली.

आत शिरलो, तो कोणी वादक ऑर्गनवर हात साफ करीत होता. याच कॅथेड्रलमध्ये १५८८ पासून तितलूझ हा वादक होता. फ्रान्सच्या ऑर्गनसंगीताचा आद्य रचनाकार त्यालाच मानतात. वादकाने पायाखालची एक पट्टी दाबून धरली. खर्ज! कानांच्या आधी तो पायांना कळला. खालची फरशी तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखी घुमत होती. मी खांबाला टेकलो.

मला नानांची आठवण झाली. नाना दरबारी गवई. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. भैय्यासाहेब गणपतरावांसारखा पेटीवाला ज्या ग्वाल्हेरने पाहिला, त्याच गावात नाना पेटीला शेवटपर्यंत ‘लाकडाचा खोका’ म्हणत. दरबारीचा आंदोलित गंधार तिच्यात सापडत नाही, मींड निघत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते. मी पेटीच्या शिकवण्या धरल्या, त्या दिवशी नाना जेवले नाहीत. पुढे त्यांच्या औषधांचे पैसे त्याच शिकवण्यांतून आले. तो विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

आणि ही पेटी मूळची फ्रान्सचीच! दबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये पॅरिसला तिचे पेटंट घेतले. हाताचा भाता तिला पुढे आपल्याकडे बसला. ऑर्गनमध्ये नळ्या, पेटीत पितळेच्या जिभा. पण जीव दोहोंचा वाऱ्यावर.

जवळच सेंत-उआँचे मंदिर आहे. तिथला ऑर्गन काव्हाये-कोलने १८९० मध्ये पुरा केला. हातांच्या पट्ट्यांचे चार थर, स्वरांचे चौसष्ट खटके. तो मात्र मुका होता. मान वर करून पाहून घेतला आणि बसकडे पळालो.

बोट सुटल्यावर कठड्याशी ताई म्हणाली, “नाना असते तर काय म्हणाले असते रे?”

“आधी विचारलं असतं, गंधार कुठाय?”

“आणि मग?”

“मग खर्ज थांबेपर्यंत बोलले नसते.”

ताई हसली. भावोजी जेवायला बोलावीत होते.