शाखेचा खातेदार बँकेचा कसा झाला?

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत, गुलाल-खोबरे विकणाऱ्या दुकानांत आता क्यूआर कोडचे फलक दिसतात. भाविकाने मोबाइलवरून दिलेली रक्कम दुकानदाराच्या खात्यात क्षणात जमा होते. ते खाते कोल्हापुरातील कोणत्या शाखेत आहे, याची कोणी चौकशी करीत नाही. नव्वदच्या दशकापर्यंत मात्र खातेदार हा बँकेचा नसे, शाखेचा असे. त्याची शिल्लक त्या एका शाखेच्या खतावणीत असे आणि ती पाहण्यासाठी त्याच खिडकीसमोर उभे राहावे लागे.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने खातेदारांना संकेतस्थळावर शिल्लक पाहण्याची सोय दिली होती. भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आयसीआयसीआय आणि एचडीएफसी या नव्या खासगी बँकांनी ही वाट धरली. स्टेट बँकेची सेवा २००१ मध्ये आली.

नव्या बँका पुढे गेल्या त्या केवळ उत्साहामुळे नव्हे. संकेतस्थळ ही फक्त खिडकी असते. आत सर्व शाखांची एकत्रित खतावणी नसेल, तर खिडकीतून दाखवायचे काय? रिझर्व्ह बँकेने १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांना परवानगी देताना संगणक व दूरसंचाराच्या आधुनिक सुविधा सुरुवातीपासून वापरण्याची अट घातली होती. जुन्या बँकांत संगणकीकरण कर्मचारी संघटनांशी करार करीत, टप्प्याटप्प्याने आणि शाखेगणिक झाले. कोल्हापूरच्या शाखेतील संगणकाला पुण्याच्या शाखेतील खाते ठाऊक नसे. ही भिंत पुढे कोअर बँकिंगने पाडली.

कायद्याचाही प्रश्न होता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याने मान्यता दिली ती डिजिटल स्वाक्षरीला. बँका मात्र साधा पासवर्ड वापरत होत्या. जून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने हे स्पष्टपणे नोंदवले आणि ओळख पटविण्याच्या अशा अन्य पद्धतींत कायदेशीर जोखीम असल्याचे बँकांना बजावले. खाते उघडण्यापूर्वी ग्राहकाची प्रत्यक्ष ओळख पटविणेही आवश्यक ठरविण्यात आले.

त्या काळातील ‘ऑनलाइन’ सेवा तशी अर्धीमुर्धीच होती. शिल्लक दिसे, त्याच बँकेतील दुसऱ्या खात्यात पैसे वळविता येत. दुसऱ्या बँकेत रक्कम पाठवायची तर मागणी संगणकावर नोंदवावी आणि कागदी डिमांड ड्राफ्ट कुरिअरने यावा, असाही प्रकार चाले! मार्च २००४ मध्ये आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी आल्यानंतर बँकाबँकांमधील दरी खऱ्या अर्थाने बुजू लागली.

कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जेथे उसाची बिले आणि अनेक कुटुंबांची बचत सहकारी बँकांत असते, तेथे हा प्रवास आणखी लांबला. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१५ मध्ये एकत्रित सूचना काढल्या. कोअर बँकिंग असलेल्या बँकांना केवळ माहिती दाखविणारी सेवा पूर्वपरवानगीविना देता येणार होती. पैशांच्या व्यवहारांसाठी मात्र परवानगी आणि किमान ५० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, अशा अटी होत्या. ठेवीदाराच्या दृष्टीने ही सावधगिरी गैर म्हणता येणार नाही. पण लहान बँकांचा खातेदार त्यामुळे रांगेतच राहिला.

बटण दाबले आणि पैसे भलत्याच हाती गेले तर काय, या पहिल्या दिवसापासूनच्या शंकेला नेमके उत्तर मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना झालेल्या फसवणुकीची सूचना तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार नाही, आणि ग्राहक जबाबदार असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, असे त्या वर्षी जुलैमध्ये वाणिज्य बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकात ठरविण्यात आले. सहकारी बँकांसाठीचे परिपत्रक डिसेंबरमध्ये निघाले. जुलैच्या परिपत्रकात हे कामकाजाचे दिवस मोजायचे होते, ते खातेदाराच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकानुसार.